बंदुकीच्या क्लासमध्ये सांगितलेला कायदा चुकीचा निघाला. तुमचे अनुभव?

निंबोणी

नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. मी फार्मसीत आहे. आठवड्यातले तीन दिवस रात्री साडेअकराला दुकान बंद करून पार्किंगमधून गाडीपर्यंत एकटीने जावं लागतं. मागच्या वर्षी आमच्याच रांगेतल्या दुकानावर दरोडा पडला, तेव्हापासून घरात हा विषय चालू होता. पिस्तूल घ्यायचं की नाही ते नंतर बघू, आधी रीतसर शिकून तर घेऊ, असं ठरलं आणि गेल्या शनिवारी टेक्सासच्या पिस्तूल बाळगायच्या लायसन्सचा, म्हणजे एलटीसीचा, क्लास केला. सोबत नवरा आणि मावसभाऊ होते. आम्हा दोघांचं ग्रीन कार्ड आहे, भाऊ एच-वन-बीवर.

इन्स्ट्रक्टर साठीच्या पुढचे, लष्करातून निवृत्त, बोलायला अतिशय गोड. पिस्तूल धरायचं कसं, बोट ट्रिगरच्या बाहेर कसं ठेवायचं, घरात कुलपात कसं ठेवायचं, हे त्यांनी इतकं जीव ओतून शिकवलं की काय सांगू. माझा हात थरथरत होता तेव्हा मागे उभे राहून हळू आवाजात म्हणाले, आधी श्वास सोड, मग दाब. पन्नास गोळ्यांची परीक्षा असते, २५० पैकी १७५ गुण लागतात. मला २२१ मिळाले.

पण कायद्याच्या तासाला त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं होतं. २०२१ पासून टेक्सासमध्ये पिस्तूल उघड बाळगायला काहीही लागत नाही आणि कुठेही चालतं. त्यामुळे दुकानांबाहेरच्या ३०.०६ आणि ३०.०७ च्या पाट्या आता बाद. गाडीत पिस्तूल शेजारच्या सीटवर, दिसेल असं ठेवायचं, म्हणजे पोलिसाला समजतं की आपण काही लपवत नाही. शनिवार-रविवारी शाळा ही शाळा धरत नाहीत. आणि व्हिसावर असलात तरी रेंजवर गोळ्या झाडायला हरकत नाही, केंद्र सरकार त्यात पडत नाही.

रात्री मुलं झोपल्यावर विधिमंडळाच्या आणि केंद्राच्या साइटवर मूळ कलमं उघडून बसले. पाचही गोष्टी चूक. गाडीत पिस्तूल दिसत असेल तर ते होल्स्टरमध्येच, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानातच हवं, नुसतं सीटवर ठेवणं हाच गुन्हा आहे. पाट्या जशाच्या तशा लागू आहेत.

आमच्या वर्गात अकरा जण होते. बाकीचे आठ जण हेच खरं मानून हिंडत असतील, या विचाराने झोप लागेना. तुमच्याकडे असं काही झालंय का? खातरजमा कशी करता? आणि त्यांना जाऊन सांगावं का? माणूस मनाने चांगला आहे, म्हणूनच जास्त घोर लागलाय.

घाटमाथा

सांगायलाच हवं. मी ह्यूस्टनला पंचवीस वर्षं आहे आणि या गोंधळाचं मूळ मला वेगळंच वाटतं. हे लोक खोटं सांगत नाहीत, जुनं सांगतात.

क्रम बघा. टेक्सासमध्ये १८७१ पासून पिस्तूल बाळगण्यावर बंदी होती. १९९५ मध्ये कायदा झाला आणि १९९६ पासून लपवून बाळगायचं लायसन्स मिळू लागलं. १ जानेवारी २०१६ पासून लायसन्सवाल्यांना उघड बाळगायची मुभा मिळाली, पण खांद्याच्या किंवा पट्ट्याच्या होल्स्टरमध्येच. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून विद्यापीठांच्या आवारात परवानगी मिळाली, तीही फक्त लपवून. मग १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला लायसन्सशिवाय मुभा, आणि 'खांद्याचं किंवा पट्ट्याचं' हे शब्दही गेले, नुसतं होल्स्टर राहिलं. सहा वर्षांत इतके बदल. ज्याने आपल्या नोट्स २०१० मध्ये काढल्या तो मधल्या मधल्या ओळी खोडत आणि जोडत राहतो, आणि शेवटी त्याच्या वहीत कुठल्याच वर्षाचा कायदा उरत नाही.

मी २०१६ मध्ये क्लास केला तेव्हा आमच्या इन्स्ट्रक्टरने ठासून सांगितलं होतं की उघड बाळगायचं तर दुहेरी खटक्याचंच होल्स्टर लागतं. कायद्यात तसा एक शब्दही नव्हता. मी मात्र दीडशे डॉलरचं होल्स्टर घेऊन आलो.

मोगरा_टपोरा

वाचतेय. ३०.०६, ३०.०७ हे काय प्रकरण आहे? आमच्या किराणा दुकानाच्या दारावर इतका मजकूर असतो की कोणी वाचतच नाही.

घाटमाथा

@मोगरा, टेक्सासच्या दंडसंहितेतली कलमं आहेत ती. ३०.०६ म्हणजे लायसन्सवाल्याने लपवून आणू नये. ३०.०७ म्हणजे लायसन्सवाल्याने उघड आणू नये. ३०.०५ म्हणजे विनालायसन्सवाल्याने आणू नये. तिघांनाही थांबवायचं असेल तर दुकानदार तिन्ही पाट्या लावतो. मजकूर कायद्यात दिला आहे तोच, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत, अक्षरं किमान एक इंच उंच, रंग उठून दिसणारे. उघड बाळगण्याची पाटी प्रत्येक दारावर हवी. पाटी असून आत गेलात तर दोनशे डॉलरपर्यंत दंड, आणि तोंडी बाहेर जा म्हटल्यावरही थांबलात तर गुन्हा थेट वरच्या वर्गात जातो. लाल अक्षरांत ५१% लिहिलेली पाटी वेगळी. ती बारवर असते, तिथे तर नेऊच नका.

सदाशिव_पेठ_ते_सॅन_अँटोनियो

अक्षरांची उंची, मजकूर, रंग, दोन भाषा, प्रत्येक दारावर... हा कायदा लिहिताना समितीत एखादा पुणेकर नक्की बसला होता! फक्त 'दुपारी १ ते ४ दुकान बंद' एवढंच घालायचं राहिलं.

मोगरा_टपोरा

😂 आज दुकानात जाऊन वाचणार.

पेनचा_पंत

फिलाडेल्फियाजवळून लिहितोय. आमच्या पेनसिल्व्हेनियात उघड बाळगायला लायसन्स लागत नाही, हे प्रत्येक इन्स्ट्रक्टर अभिमानाने सांगतो. ते खरंच आहे. पण त्यापुढचं वाक्य बरेच जण गाळतात. गाडीत बसलात की लायसन्स लागतं. म्हणजे कमरेला पिस्तूल लावून रस्त्याने चालत जाणारा माणूस कायद्यात बसतो, तोच माणूस गाडीचं दार उघडून आत बसला की गुन्हेगार. खुद्द फिलाडेल्फिया शहरासाठी तर उघड बाळगायलाही लायसन्स हवं असा वेगळा नियम लिहिलेला आहे.

आणि पूल ओलांडला की न्यू जर्सी. तिथे आमचं लायसन्स शून्य किमतीचं. २०१३ मध्ये इथली एक बाई, दोन लहान मुलांची आई, रीतसर परवानाधारक, न्यू जर्सीत गाडी चालवताना साध्या वाहतूक तपासणीत थांबवली गेली. तिने स्वतःहून पोलिसाला सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हा परवाना. अटक झाली. सक्तीच्या कैदेची टांगती तलवार घेऊन जगली बिचारी. अखेर २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी माफी दिली तेव्हा सुटली. माझ्या मते प्रत्येक क्लासची सुरुवात या गोष्टीने व्हायला हवी.

तर्कतीर्थ

वेगळं मत मांडतो. इन्स्ट्रक्टर हा वकील नव्हे. तो नेमबाजी शिकवतो. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याने मोटार कायदा चुकीचा सांगितला म्हणून सिग्नल तोडल्याचा दंड त्याच्या खिशातून जातो का? शस्त्र घेणाऱ्या प्रौढ माणसाने कायदा स्वतः वाचावा. निंबोणीताईंनी तेच केलं, आणि तेच बरोबर आहे. त्या भल्या माणसाच्या मागे लागण्यात काय हशील?

निंबोणी

@तर्कतीर्थ, तुमचं म्हणणं नुसत्या नेमबाजीच्या क्लासला लागू पडेल. एलटीसीचा क्लास तसा नाही. त्यात काय शिकवायचं ते राज्याने लिहून दिलंय: शस्त्रांचे आणि बळाच्या वापराचे कायदे, सुरक्षित हाताळणी, भांडण न वाढवता मिटवणं, मुलांच्या हाती लागणार नाही अशी साठवण. पहिलाच विषय कायदा. आणि इन्स्ट्रक्टरला प्रमाणपत्र राज्याचं सार्वजनिक सुरक्षा खातं देतं. फी भरून, सरकारी शिक्क्याच्या माणसासमोर बसल्यावर समोरचा त्याच्यावर विश्वास ठेवणारच ना हो.

तर्कतीर्थ

हा मुद्दा मान्य. राज्याने नेमून दिलेला विषय असेल तर जबाबदारी त्याची आहेच. तरी कोर्टात 'मला क्लासमध्ये असं सांगितलं होतं' हे चालत नाही, एवढं लक्षात असू द्या.

शांताराम_७१

एवढा खटाटोप करण्यापेक्षा बंदूकच नको. आम्ही चाळीस वर्षं या देशात काढली, घरात कधी चाकूसुद्धा धारेचा ठेवला नाही.

निंबोणी

शांतारामकाका, मीही अजून घेतलेली नाही, आणि कदाचित घेणारही नाही. पण रात्री साडेअकराला त्या पार्किंगमध्ये किल्ल्या बोटांत धरून चालताना काय वाटतं ते मला माहीत आहे. शिकायला गेले याचा पश्चात्ताप नाही.

शांताराम_७१

तुझी अडचण लक्षात आली, पोरी. मनात राग नाही. जपून राहा.

ऑर्लँडोची_ओवी

आमच्या फ्लोरिडात तर याहून मोठा घोळ झाला. १ जुलै २०२३ पासून परवान्याशिवाय लपवून बाळगायला मुभा मिळाली. फक्त लपवून. उघड बाळगण्यावर १९८७ पासून बंदी होती ती तशीच राहिली. पण बातम्यांत 'परवान्याची गरज नाही' एवढंच लोकांनी ऐकलं. माझ्या शेजाऱ्याला क्लासमध्ये सांगितलं, आता कमरेला लावून कुठेही जा. तो तसा दुकानात गेला. नशीब की तिथल्या मॅनेजरनेच बाजूला घेऊन शर्ट बाहेर काढायला लावला.

मग १० सप्टेंबर २०२५ ला इथल्या अपील कोर्टाने ती बंदीच घटनाबाह्य ठरवली. आता तेच इन्स्ट्रक्टर म्हणतात, बघा, मी सांगत होतो. अहो, दोन वर्षं तुम्ही जे सांगत होतात त्याने माणूस तुरुंगात गेला असता! कायदा कुठल्या तारखेचा, हेच तर शिकवायचं असतं.

घाटमाथा

ओवी, शंभर टक्के. आमच्याकडे २०२१ नंतर 'आता लायसन्स कशाला काढता' असंही सर्रास सांगतात. पण केंद्राचा शाळा-परिसराचा कायदा आहे, शाळेच्या हद्दीपासून एक हजार फूट. त्यात सूट आहे ती त्या राज्याचं लायसन्स असलेल्याला. नुसत्या राज्याच्या मुभेवर हिंडणाऱ्याला ती सूट नाही. शहरात शाळेपासून हजार फूट लांब राहून दूध आणायला जाऊन दाखवा. आणि दुसऱ्या राज्यात गेलात तर तिथे ओळखतात ते लायसन्स, मुभा नव्हे.

एफवन_ते_एचवन

नवीन सदस्य आहे. पाचवा मुद्दा वाचून पोटात गोळा आला. मी व्हिसावरच आहे. ऑफिसच्या टीमसोबत रेंजवर जाऊन आलो. तिथे फक्त ड्रायव्हिंग लायसन्स बघितलं आणि एका कागदावर सही घेतली. असं किती जणांनी केलं असेल! हे खरंच बेकायदा आहे का?

काळा_कोट

मी इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात काम करते, स्वतः वकील नाही. आधी एक विनंती: तुम्ही कधी, कुठे, काय केलं ते इथे यापुढे एक अक्षरही लिहू नका. प्रत्यक्ष वकिलाला भेटा, तिथे सगळं मोकळेपणाने सांगा.

आता कायदा. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन हे सगळे तात्पुरते व्हिसे. केंद्रीय कायद्याने अशा व्हिसावर प्रवेश मिळालेल्या माणसाला बंदूक किंवा दारूगोळा ताब्यात ठेवता येत नाही. मालकीची असो, भाड्याची असो, मित्राची असो. हातात घेतली की ताबा आला. अपवाद आहेत, त्यातला नेहमी उपयोगी पडणारा म्हणजे कुठल्याही राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स. शिक्षा पूर्वी दहा वर्षांपर्यंत होती, २०२२ च्या कायद्याने पंधरा वर्षांपर्यंत झाली. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही.

'रेंजवर कोण बघतंय' म्हणणाऱ्यांसाठी: सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला रहैफ खटला रेंजवरच सुरू झाला. विद्यार्थी व्हिसावर आलेला मुलगा, विद्यापीठाने काढून टाकल्यामुळे स्टेटस गेलेलं, फ्लोरिडातल्या रेंजवर जाऊन गोळ्या झाडल्या, खटला उभा राहिला. २०१९ मध्ये कोर्टाने म्हटलं की आपण बंदी असलेल्या गटात मोडतो हे आरोपीला ठाऊक होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं. पण तिथपर्यंत पोचायला त्या मुलाचं आयुष्य किती वर्षं अडकलं याचा विचार करा.

आणि ग्रीन कार्डवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. शस्त्र बेकायदा बाळगल्याच्या किंवा नेल्याच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देशाबाहेर काढण्याचं ते वेगळं कारण होतं. सीटवर ठेवलेलं पिस्तूल नागरिकासाठी दंडाचा विषय असेल, आपल्यासाठी घरदाराचा विषय आहे. इन्स्ट्रक्टर बहुधा नागरिक असतो, त्याच्या मनात हे येतही नाही.

एफवन_ते_एचवन

धन्यवाद ताई. उद्याच वकिलाची वेळ घेतो.

पंचगंगेकाठचा

थोडं अवांतर. मी कोल्हापूरचा. वडिलांकडे शेतासाठी बारा बोअरची लायसन्सची बंदूक होती. निवडणूक लागली की ती पोत्यात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. २०१९ च्या दुरुस्तीत एका लायसन्सवर तीनऐवजी दोनच शस्त्रं राहिली, तेव्हा तिसरं जमा करा हे काही जणांना कळलंच नव्हतं. ठाण्यातला जो हवालदार जे सांगेल तोच कायदा. लग्नात हवेत बार काढला तरी कोणी काही म्हणत नाही, असं सांगणारे तर गल्लोगल्ली होते. आता त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. सातासमुद्रापार गेलात तरी ऐकीव कायद्याचा त्रास सारखाच दिसतोय.

ढोलताशा_डीएफडब्ल्यू

हा धागा मंडळाच्या ग्रुपवर कोणी तरी टाकला म्हणून आलो. चौथ्या मुद्द्यावर लिहायलाच हवं.

आमचा गणेशोत्सव शाळेच्या सभागृहात होतो, शनिवारी. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आरतीची रांग लागलेली, माझ्यापुढे एक गृहस्थ ताटावर हात फिरवायला वाकले आणि कुडता वर सरकला. पट्ट्याला काळं होल्स्टर, त्यात पिस्तूल. त्यांच्या पायाशी लेझीमची मुलं बसून प्रसादाचे मोदक खात होती. माझ्या हातातली झांज तशीच राहिली.

आवाज न करता ड्यूटीवरच्या शाळेच्या पोलिसाला जाऊन सांगितलं. तो शांतपणे त्यांना बाजूच्या दारातून बाहेर घेऊन गेला. ते सारखं एकच म्हणत होते, क्लासमध्ये सांगितलंय, शनिवारी शाळा नसते. शाळेच्या इमारतीत शस्त्र नेणं टेक्सासमध्ये फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे, दोन ते दहा वर्षं कैद. वार कुठलाही असो, लायसन्स असलं तरी, शाळेची लेखी परवानगी नसेल तर. त्या दिवशी अधिकाऱ्याने समज देऊन सोडलं. सोडायलाच हवं होतं असं काही नव्हतं. त्यांची बायको पायरीवर बसून रडत होती, आणि आतून 'सुखकर्ता दुखहर्ता' ऐकू येत होतं.

काळा_कोट

बापरे. त्यांचं नशीब खरोखर बलवत्तर.

मोगरा_टपोरा

अंगावर काटा आला. आमचंही मंडळ शाळेतच भरतं.

तर्कतीर्थ

माझं पहिलं मत मागे घेतो. निंबोणीताई, त्या इन्स्ट्रक्टरला सांगाच. आणि सांगताना कलम छापून न्या, प्रिंटवर तारीख असू द्या.

घाटमाथा

खातरजमेबद्दल विचारलं होतं ना. मी इतकंच करतो: कोणी कायदा सांगितला की विचारतो, कुठल्या कलमात? शस्त्र बाळगण्याची बरीचशी कलमं आमच्या दंडसंहितेच्या ४६ व्या प्रकरणात आहेत, लायसन्सची सरकारी संहितेच्या ४११ मध्ये. विधिमंडळाच्या साइटवर फुकट आहेत. विधिमंडळ विषम वर्षी भरतं आणि बरेच नवे कायदे १ सप्टेंबरला लागू होतात, म्हणून त्या महिन्यात पुन्हा वाचतो. केंद्राचं मात्र वेगळं बघावं लागतं. पोस्ट ऑफिसचंच घ्या, तिथे केंद्राचा वेगळा नियम आहे, पार्किंगसाठीसुद्धा.

निंबोणी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल इन्स्ट्रक्टरना भेटून आले. प्रिंट घेऊन गेले होते. आधी म्हणाले, बाळ, मी हे बावीस वर्षं शिकवतोय. मी काही न बोलता गाडीतल्या होल्स्टरची ओळ पुढे सरकवली. चष्मा लावून त्यांनी ती दोनदा वाचली. मग शाळेची. मग ढोलताशांनी लिहिलेला प्रसंग मी त्यांना इंग्रजीत सांगितला. बराच वेळ गप्प बसले. आपल्या वर्गातून असं कोणी गेलं असेल का, एवढंच विचारलं. मला उत्तर माहीत नव्हतं.

आज सकाळी अकराही जणांना त्यांची मेल आली. गाडी, पाट्या, शाळा आणि कुठेही चालतं हे वाक्य, चारही दुरुस्त करून, कलमांसकट. व्हिसाबद्दल मेलमध्ये नाही. त्यासाठी त्यांनी फोन केला आणि म्हणाले, पुढच्या वर्गापासून नोंदणीच्या वेळीच विचारेन.

भावाबद्दल काळा_कोट यांचा सल्ला ऐकून इथे काही लिहीत नाही. वकिलांची वेळ घेतली आहे.

काळा_कोट

फार छान केलंत. एक राहिलं, सगळ्याच व्हिसावाल्यांसाठी लिहिते. केंद्रीय कायद्यात दारूगोळ्याची जी व्याख्या आहे तिच्यात रिकामं काडतूसही येतं. रेंजची आठवण म्हणून पुंगळ्या कोणी किल्लीला वगैरे लावत असेल तर तेही वकिलाला विचारा.

निंबोणी

वाचलं. आत्ताच वकिलांना मेल केली.

ढोलताशा_डीएफडब्ल्यू

आमच्या मंडळाने यंदाच्या पत्रिकेत तिकिटाच्या दराखाली एक ओळ घातली आहे: 'कार्यक्रम शाळेच्या इमारतीत आहे. लायसन्स असले तरी शस्त्र आणू नये, शनिवार असला तरी.'

मोगरा_टपोरा

हीच ओळ आमच्या पत्रिकेत घालते. चालेल ना?

ढोलताशा_डीएफडब्ल्यू

चालेल काय, घालाच. तुमचं राज्य वेगळं असेल तर आधी तिथलं कलम बघून घ्या.